अकरा वेळा डावीकडे

"अहो, तुमच्या कानातली वायर लॅपटॉपला लावलेलीच नाहीये!"

ती ओरडली तशा अभ्यासिकेतल्या सगळ्या माना वर झाल्या. ज्याच्यासाठी हे वाक्य होतं तो मात्र कानात इअरफोन कोंबून, भुवया आक्रसून पडद्याकडे बघत बसला होता. वायरचं दुसरं टोक त्याच्या गुडघ्याशी लोंबत होतं. मालाच्या साठ्यावरचा पाठ मोठ्यानं चालू होता, आणि तोच पाठ, तीन वाक्यं पुढे, तिच्याही कानात चालू होता. एकच मास्तर दोन्हीकडून बोलत होता. माणसाला वेड लागेल नाहीतर काय!

तिनं त्याच्या टेबलावर थाप मारली. तो दचकला. मग त्याला वायर दिसली.

"तरीच म्हटलं, आवाज एवढा बारीक का येतोय…" तो म्हणाला आणि असा काही हसला, की ती क्षणभर रागावायचंच विसरली. क्षणभरच हं. रागाच्या बाबतीत बाई पक्की होती.

आणि राग यायला कारण होतंच की! बारा वर्षं ती फर्निचरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होती. कुठल्या खणात कुठली बिजागरी, कुठले स्क्रू कधी संपणार, झोपेतून उठवून विचारलं तरी तिनं सांगितलं असतं. नवा मॅनेजर आला तेव्हा गोदामातले दिवे कुठून लागतात इथपासून त्याला तिनंच शिकवलं. मग मंदी आली. त्याच मॅनेजरनं सगळ्यांना अंगणात उभं करून सांगितलं, "निम्मी माणसं कमी होणार. तीन महिन्यांत ज्यांच्याकडे प्रमाणपत्र असेल, त्यांना ठेवू." कसलं प्रमाणपत्र? तर साठा सांभाळण्याचं! म्हणजे जे काम ती बारा वर्षं करत होती ते तिला येतं, असं आता तिला कधीही न पाहिलेल्या कुणीतरी लिहून द्यायचं. आहे की नाही कमाल?

घरी भाऊ, वहिनी, त्यांची दोन कार्टी आणि कायम कोकलणारा टीव्ही. म्हणून कामावरून सुटली की ती अभ्यासिकेत यायची.

त्या संध्याकाळी बाहेर पाऊस लागला होता. दारातल्या पत्र्याखाली दोघंही अडकली.

"मी वेल्डर," तो म्हणाला. "म्हणजे होतो. मालकानं एक दिवस शटर ओढलं, ते परत उघडलंच नाही. बहिणीनं लॅपटॉप दिला, म्हणाली शीक काहीतरी. गोदामात तरी काम मिळेल… तुम्ही?"

"मी स्टोअरला आहे."

"मग तुम्हाला हे कशाला शिकायचंय?"

एवढंच विचारायचा अवकाश. तिनं त्याला मॅनेजर, अंगण, दिवे, सगळं ऐकवलं. पाऊस थांबला तरी ती थांबेना. तोही हलेना.

"पेपरात आलंय," तो शेवटी म्हणाला. "मंदीत मोठी माणसंसुद्धा पुन्हा शिकायला लागलीत म्हणे. केवढी ज्ञानाची ओढ!"

"ओढ कसली डोंबलाची! लोक घाबरलेत म्हणून शिकतायत."

"तुम्ही घाबरलाय?"

"मी? मी चिडलेय!"

"ते दिसतंच आहे, स्टोअरबाई," तो म्हणाला. बरोबर वाटेवरच्या खड्ड्यात पाय घालून निघून गेला. चप्पल पचपच वाजत होती, आणि ती एकटीच हसत उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या डावीकडची खुर्ची त्याची झाली. गणित आलं की तो बोटांवर मोजायचा. त्या बोटांवर ठिणग्यांचे बारीक बारीक डाग होते. अडला की पेनचं टोपण चावायचा आणि तिच्याकडे बघायचा.

"अडीअडचणीला जास्तीचा माल ठेवतात ना, त्याचंसुद्धा सूत्र आहे," एकदा तीच कुजबुजली. "मी बिजागऱ्यांची दहा खोकी नेहमी बाजूला ठेवायचे. सगळे हसायचे मला… त्याचं सूत्र असतं, हे मला माहीतच नव्हतं!"

"म्हणजे तुम्ही पुस्तकाच्या आधीपासून हुशार."

"चला, अभ्यास करा."

"करतोय की. माझा विषय बदललाय, एवढंच."

तिनं वहीत डोकं घातलं. कान मात्र लाल झाले होते.

परीक्षेच्या दिवशी ती दोघं त्याच अभ्यासिकेत, मुद्दाम तीन खुर्च्या सोडून बसली. परीक्षा ऑनलाइन असली तरी पहारा कडक होता. कॅमेरा चालू ठेवायचा, नजर पडद्यावर ठेवायची, ओठ हलवायचे नाहीत. दीड तास एक यंत्र तुमच्या बुबुळांवर डोळा ठेवून. बारा वर्षांत एक स्क्रू इकडचा तिकडे न केलेल्या बाईवर!

सोमवारी निकाल उघडला. तिला एक्क्याण्णव गुण होते, पण खाली तांबड्या अक्षरात लिहिलं होतं – "प्रमाणपत्र रोखले आहे. नजर अकरा वेळा डावीकडे. त्याच वाय-फायवरील दुसऱ्या परीक्षार्थीची नजर नऊ वेळा उजवीकडे. संगनमताचा संशय. दोघांनी सुनावणीस हजर राहावे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरोप सिद्ध झाला तर पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी. कारखान्याची यादी आठवड्याभरात लागणार. म्हणजे नोकरीवर पाणीच!

सुनावणी कॉलवर होती. ती स्वयंपाकघरात दार लावून बसली. पडद्यावर चार चौकोन होते. एक अध्यक्षबाई, एक कारकून, ती आणि तो. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. चेहरा पार उतरलेला.

"एकमेकांकडे काय बघत होतात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

ती तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "मॅडम, मी कॉपी केली. यांचा काही संबंध नाही. यांना सोडा."

कारकून लिहायला लागला.

"थांबा!" ती एवढ्या जोरात ओरडली, की दारापलीकडून वहिनीचा आवाज आला, "अगं, हळू!" पण हळू कोण बोलतंय? "खोटं बोलतायत ते! मॅडम, यांना गुण किती?"

"चोपन्न. काठावर पास."

"आणि मला एक्क्याण्णव. माझं बघून लिहिलं असतं तर चोपन्न मिळाले असते का हो? पेनाचं टोपण चावायला मिळालं, त्यातच हा माणूस खूश होता! आणि माझा पडदा तीन खुर्च्यांवरून दिसायला यांना काय दुर्बीण लावली होती? आमची उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. चुकासुद्धा जुळणार नाहीत. बुबुळं मोजता येतात तुम्हाला, मग एवढं नाही येत?"

अध्यक्षबाईंनी चष्मा सारखा केला. खाली बघून बराच वेळ काहीतरी तपासलं.

"नाही जुळत," त्या म्हणाल्या. "पण मग अकरा वेळा… बघत काय होतात?"

आता मात्र तिचा आवाज खाली आला.

"त्यांना," ती म्हणाली. "त्यांनाच बघत होते. बोटांवर मोजत होते ते… जमेल की नाही त्यांना, म्हणून माझा जीव वरखाली होत होता. तो गुन्हा असेल तर लिहा. पण चोरी लिहू नका."

कारकुनाचं लिहिणं थांबलं.

"आणि आपण?" अध्यक्षबाई त्याच्याकडे वळल्या.

"त्या बघतायत का, ते बघत होतो, मॅडम."

अध्यक्षबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. "संशय निराधार. दोघांचीही प्रमाणपत्रं आज पाठवा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चौकोन गेला. मागोमाग कारकुनाचा गेला.

दोन चौकोन उरले.

तिचा जीव भांड्यात पडला खरा, पण राग काही उतरला नव्हता.

"कुणी सांगितला होता हा शहाणपणा? मला विचारलंत?"

"तुमची नोकरी जात होती…"

"आणि तुमचं नाव? जन्मभर कागदावर चोर म्हणून राहिलं असतं!"

"राहिलं असतं तर राहिलं असतं. मला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय! मला चोर नवरा नकोय!"

बोलून गेली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दारापलीकडे वहिनीच्या हातून काहीतरी पडलं. तो पडद्याच्या अगदी जवळ आला, इतका की नुसतं नाक आणि डोळेच दिसायला लागले.

"मग… चोपन्न गुणांचा चालेल?"

तिनं बोटांच्या फटीतून बघितलं. या वेळी सरळ समोर.

"चालेल," ती म्हणाली. "पण पुढच्या परीक्षेला माझ्याकडे पाठ करून बसायचं."