काळकड्यावरची बंदी

चार अंडी. त्यांना कोणी हात लावला नाही, साप आला नाही, वादळ झालं नाही. तरी गेल्या वर्षी काळकड्यावरच्या शाहीन ससाण्याचं एकाही अंड्यातून पिल्लू बाहेर आलं नाही. का?

कुशी भांगरेला या कोड्याशी काही देणंघेणं नव्हतं. २०६१चा मार्च अर्धा सरला होता, आज राज्याच्या प्रस्तरारोहण संघाची निवड होती, आणि कड्याच्या पायथ्याशी पाटी होती: ससाण्यांची वीण, जानेवारी ते एप्रिल चढाई बंद.

“माझ्या आज्यानं या कड्यावरचा मध काढलाय. मला अडवणारी ही पाटी कोण?” बारा वर्षांच्या कुशीनं कमरेला दोर बांधला.

“शाब्बास!” निवड करणारे शिरीषसर दोराचं दुसरं टोक धरत हसले. “पाखराला काय कळतंय!”

ती तीस हात चढली, तोच ससाण्याची मादी कर्कश ओरडत कपारीतून उडाली आणि लांब घिरट्या घालू लागली.

“आलीस, महाराणी?” कुशीच्या शेजारचा खडकच बोलला. तो सरडू होता, खडकाच्या रंगाचा यंत्रमानव. अंडी राखायला त्याला इथं चिकटवलं होतं.

“अंड्यांना मी हात लावणार नाही, सरड्या. गप बस.”

“गप? महिनाभर मी हललोही नाही, म्हणून तिला मी दगड वाटतो. माझ्या पाठीवरचा आकडा बघ. कपारीत यंदाच्या चार अंड्यांशेजारी मी एक नकली अंडं ठेवलंय. त्यात संवेदक (ऊब मोजणारा बारीक तुकडा) आहे.”

आकडा होता ३७ अंश.

“ससाणा घरटं बांधत नाही, उघड्या दगडावर अंडी घालतो. उबवण (अंड्याला हवी तेवढीच ऊब देणं) म्हणजे नुसतं गरम ठेवणं नाही. या उन्हात हा दगड तव्यासारखा तापतो. मग आई अंड्यांवर सावली धरते. आता ती कुठाय?”

आकडा ३८ झाला.

“येईल की परत.”

“तू दिसतेस तोवर नाही येणार. एकेचाळीसच्या पुढं आतलं पिल्लू जगणं कठीण.” सरडू थांबला. “गेल्या मार्चमध्ये इथं रोज दुपारी सराव कोण करत होतं?”

“मीच,” कुशी म्हणाली.

३९.

“सर, दोर सैल सोडा! मी उतरतेय!”

“वेडी झालीस? अर्ध्यात आलीस!”

“सोडा म्हणते ना!”

ती भराभर खाली आली. सरांना आणि निवडीला आलेल्या बाकीच्या सात पोरांना ओढत तिनं झाडीआड नेलं. मादी एक घिरटी घालून कपारीत शिरली. सरडूनं वरून हाक दिली, “आकडा चाळीसवर थांबला! आता उतरतोय!”

“झालं तुझं नाटक?” सर चिडले. “चल, पुढचा कोण?”

कुशी धावत जाऊन कड्याला चिकटलेल्या, कपारीतून न दिसणाऱ्या पहिल्या पायरीवर पाय पसरून बसली. “कोणी नाही. आधी मला उचलावं लागेल.”

“निवड गेली तुझी, समजलं?”

“जाऊ दे.”

“पुन्हा संधी मिळणार नाही!”

“मला नाही मिळाली तरी चालेल. त्या चौघांना आज पहिलीच मिळतेय.”

मागच्या सात पोरांपैकी एकीनं निमूटपणे कमरेचा दोर सोडला. मग दुसऱ्यानं.

“सरडू,” कुशी वर बघून म्हणाली, “पिल्लं उडायला किती दिवस?”

“अंडी फुटायला बारा, मग पंख यायला सहा आठवडे.”

“म्हणजे चोपन्न. पंचावन्नाव्या दिवशी पहिली मीच चढणार. त्या कपारीतल्या बाईला सांगून ठेव!”