तिसऱ्या मडक्यातला पत्रा

द्राक्षांची तोडणी संपली की फ्रान्समधल्या माँपेल्येच्या बायका तळघरात उतरत. आंबलेला चोथा आणि तांब्याचे पत्रे मडक्यात थरावर थर रचायचे. पत्र्यांवर हिरवा जंगाल फुगून आला की सुरीने खरवडून रंगवाल्यांना विकायचा. गियमेत आणि तिची विधवा नणंद त्वानेत वर्षानुवर्षं हेच करत आल्या होत्या. दोघींच्या नखांत हिरवा रंग कायमचा बसला होता.

गियमेतची लेक आल्येत तापाने गेली तेव्हा पाच वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिसऱ्या मडक्यातून एक पत्रा निघाला, तो सगळा हिरवागार. मधोमध मात्र चिमुकल्या पंजाच्या आकाराचं तांबं कोरं, लाल. करंगळी वाकडी. आल्येतची दारात चेंगरून झाली होती, तशीच.

"कुणा पोराने हात लावला असेल," त्वानेत म्हणाली.

"आपल्या घरात पोर कुठंय, वन्सं?"

पत्रा खरवडून पुन्हा मडक्यात गेला. पुढच्या वर्षी पंजा थोडा मोठा होता. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. गियमेत त्या एका दिवसाची वर्षभर वाट पाहू लागली. "उंच झाली असेल हो," म्हणायची.

सातव्या वर्षी त्वानेतने पत्रा काखोटीला मारला. "तांबटाला देते. वितळवू दे मेल्याला! वेड लागेल तुला, वहिनी."

"बारा वर्षांची आहे ती," गियमेत म्हणाली. "आत्ता कुठं माझ्या हाताला हात येतोय. कुठं नेताय तिला?"

त्वानेत पायरीवरच थबकली. मग पत्रा होता तिथे ठेवून आली.

आणखी सात वर्षं गेली. पंजा वाढायचा केव्हाच थांबला होता. त्या वर्षी पत्रा त्वानेतनेच काढला.

"वहिनी, इकडे ये."

वाकड्या करंगळीचा पंजा होता. त्याच्या कुशीत दुसरा.

अक्रोडाएवढा.



"गार आहे गं इथं," त्वानेत म्हणाली. खांद्यावरची लोकरीची शाल काढून तिने पत्रा तीत गुंडाळला आणि कोरड्या फडताळात ठेवला.

सकाळी गियमेतने शाल उलगडली. एका जागी ओल होती. तिने ती नाकाशी नेली.

अंगावरच्या दुधाचा वास होता.