सीलबंद गाडीचं दार

वॉर्डातल्या चार बाळंतिणींना रक्त थांबवायचं, एकाच पेटीतलं इंजेक्शन दिलं, आणि एकीचाही रक्तस्राव आटोक्यात येईना. तिघी कशाबशा वाचल्या. चौथी अजून शुद्धीवर नव्हती.

औषध खात्याच्या तपासनीस बाई पोचल्या, तेव्हा सिस्टरच्या हातात निलंबनाचं पत्र होतं. औषध उष्णतेनं निकामी झालं होतं. वाटेत ते थंडच होतं, असं वाहतुकीची नोंद सांगत होती. म्हणजे हलगर्जी वॉर्डातली.

"मंगळवारी गाडी किती वाजता आली?"

"संध्याकाळी पाचला. पहिला थांबा आमचाच. दाराचं सील मीच तोडलं, शाबूत होतं. पाच मिनिटांत पेटी फ्रीजमध्ये ठेवली. मॅडम, माझ्या हातून चुका होतात, पण ही नाही."

बाई तडक नोंदी ठेवणाऱ्या कंपनीत गेल्या. मुख्य इंजिनीअरनं पडद्यावर आलेख उघडला.

"ही ब्लॉकचेन आहे, मॅडम. पेटीतला सेन्सर, एक छोटी पांढरी डबी, दर मिनिटाला तापमान पाठवतो. तीच नोंद कारखाना, वाहतूकदार, दवाखाने, सगळ्यांकडे एकदम जाते. गेली की मलाही बदलता येत नाही."

त्याचे डोळे तारवटलेले होते. शुक्रवारी दोनशे दवाखान्यांचा करार व्हायचा होता.

चार अंशांवर सरळ रेघ. तीनच ठिकाणी किंचित वर गेलेली. अकराला, दीडला, चारला.

"हे काय?"

"ड्रायव्हरनं दार उघडलं असेल."

बोलावून घेतलेला ड्रायव्हर कोपऱ्यात उभा होता. "सील न तोडता कसं उघडणार? काहीही काय बोलता, साहेब?"

बाई आलेखच पाहत बसल्या. चार वाजले. चहा करणाऱ्या मावशी आल्या आणि त्यांनी भिंतीलगतच्या फ्रीजमधून दूध काढलं.

"मावशी, मंगळवारी यात काय काय होतं?"

"दूध, सगळ्यांचे जेवणाचे डबे. आणि मागं पांढऱ्या डब्या, ओळीनं लावलेल्या. हात लावू नका म्हणाले होते."

"कोण?"

मावशींनी इंजिनीअरकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"नोंद खरीच आहे," बाई त्याला म्हणाल्या. "फक्त ती या फ्रीजची आहे. अकराला चहाचं दूध, दीडला डबे, चारला पुन्हा दूध. गाडीचं दार बंदच होतं. उघडत होतं ते हे. आणि कुठला सेन्सर कुठल्या पेटीचा, ही नोंद त्या सकाळी कुणाच्या सहीनं झाली, तेही तुम्हाला पुसता येणार नाही."

तो खुर्चीत बसला. "बंद गाडीतून सेन्सरचा सिग्नल सारखा तुटत होता, नोंदीत खंड पडत होते. म्हणून सगळे इथंच ठेवले. करार तोंडावर आलेला. गाडी तर नेहमी थंड असते, एका दिवसानं काय बिघडतंय, असं वाटलं."

"त्याच दिवशी गाडीचं गार ठेवणारं यंत्र बिघडलं असणार. आणि इशारा द्यायला पेटीत सेन्सरच नव्हता."

बाईंनी सिस्टरला फोन लावला. "चूक तुमची नाही. लेखी कळवते."

मग सिस्टर म्हणाली, "मॅडम, गाडीतली एकच पेटी आमची होती. बाकीच्या कुठं गेल्या?"

बाई वळल्या. इंजिनीअरनं आधीच कीबोर्ड पुढं ओढला होता. तो पत्ते वाचू लागला. एकेक पेटी, एकेक दवाखाना. ड्रायव्हरनंही फोन काढला.

पहिल्या दोन ठिकाणी पेट्या उघडलेल्याच नव्हत्या. तिसऱ्या ठिकाणची नर्स म्हणाली, "त्यातलं एक आत्ताच आत नेलंय."

"पळा," बाई म्हणाल्या.

पलीकडे फोन टेबलावर आपटला. धावत्या चपलांचा आवाज लांब गेला. मग बराच वेळ काहीच नाही.

"थांबवलं," कुणीतरी धापा टाकत म्हणालं.