वाचन कोपऱ्यातले अकरा सेकंद

सरोजिनी मगदूम यांनी हातातली मनगटपट्टी डॉ. चौगुल्यांच्या टेबलावर अशी आपटली, की प्रयोगशाळेत पडद्यांसमोर बसलेल्या तिघाचौघांनी दचकून माना वर केल्या.

"आफरीन मुजावर. इयत्ता दुसरी," त्या म्हणाल्या. "शाळा सुरू होऊन एकशे चार दिवस झाले. त्यातली किती मिनिटं ही मुलगी वाचन कोपऱ्यात बसली, ते काढा तुमच्या यंत्रातून."

डॉ. अद्वैत चौगुले 'वाटाड्या' या यंत्रणेचे जनक. त्यांनी आकडा काढला. तीनशे बारा मिनिटं.

"आणि माती कोपऱ्यात?"

"आठ हजारांच्या वर."

"म्हणजे वाचायला दिवसाला तीन मिनिटं! काल तिची आई आली होती शाळेत. म्हणाली, 'बाई, पोरगी हसत जाते, हसत येते. पण दुकानाची पाटी वाच म्हटलं तर माझ्याच तोंडाकडं बघत बसते. असं कसं ओ?' काय सांगू मी तिला? सांगा ना!"

सरोजिनीबाई सव्वीस वर्षं लहान मुलांना शिकवत होत्या. पोरांना फळ्यापुढे रांगेत बसवायचं नाही, वर्गाचेच कोपरे करायचे, ही घडी त्यांनी स्वतः बसवली होती. एका कोपऱ्यात सतरंजी आणि पुस्तकं, दुसऱ्यात हिशेबाला चिंचोके आणि मणी, तिसऱ्यात भिजवलेली माती, चौथ्यात भिंगं आणि लोहचुंबक. मुलं गटागटानं फिरायची. कोण कुठे अडलंय, कुणाला कधी हलवायचं, यावर बाईंची नजर असायची. पाच वर्षांपूर्वी ती नजर वाटाड्याकडे गेली. मनगटपट्टी मुलाची नाडी आणि त्वचेचा ओलावा मोजायची, छतातला कॅमेरा कपाळावरच्या आठ्या टिपायचा. ताण ठरावीक रेषेच्या वर गेला, की दुसऱ्या कोपऱ्यातला दिवा लागायचा आणि मूल उठून तिकडे जायचं. बाईंनी आवराआवर करायची, साहित्य भरायचं. वर्गात रडारड म्हणून उरली नव्हती. पाहुणे यायचे आणि वाहवा करून जायचे.

"बाई, घाबरलेलं मूल शिकत नाही, हे तुम्हीही मान्य कराल," चौगुले समजुतीनं म्हणाले.

"घाबरलेलं नाही शिकत. पण अडलेलं? जोडाक्षराशी झटणारं पोर घामाघूम होतंच. त्याच्याही कपाळाला आठ्या पडतात. तुमच्या यंत्राला यातला फरक कळतो का?"

चौगुल्यांनी चष्मा काढून पुसला. "नाही. शरीरात दोन्हींची खूण एकच असते. नाडी वाढते, तळहात ओलावतात. घाबरणं आणि झटणं यंत्राला वेगळं दिसत नाही."

"म्हणजे पोर शिकायला लागलं रे लागलं, की तुम्ही त्याला उठवता!"

"ज्यांना वाचन सोपं जातं त्यांना नाही उठवत."

"वा! ज्याला येतं त्यानंच वाचावं. ज्याला येत नाही त्यानं जन्मभर मातीचे बैल करावेत." बाईंचा आवाज चढला. "ती रेषा कुणी आखली? एवढ्याशा ताणाला मूल उचलायचं, हे ठरवलं कुणी? नाव सांगा मला."

"आम्ही नाही आखली. यंत्र एका शिक्षिकेकडून शिकलं. मूल अडल्यावर ती किती वेळ थांबते आणि मग उठवते, हे आम्ही वर्षभर तिच्या वर्गात टिपलं. फार नावाजलेली शिक्षिका. आज सहाशे शाळांत तिचीच रेषा चालते."

"मग आणा तिला माझ्यासमोर! सहाशे शाळांतली पोरं अडाणी ठेवली त्या बयेनं. शिक्षिका म्हणवून घ्यायची लाज नाही वाटत?"

चौगुले पडद्याकडे वळले. मग त्यांनी पडद्यावर जुनं चित्रण लावलं.

सतरंजीवर एक मुलगा पुस्तकात बोट घालून बसला होता. ओठ हलत होते, अक्षर बाहेर पडत नव्हतं. कपाळ आक्रसलं, डोळे भरून आले. तेवढ्यात एक हात त्याच्या डोक्यावर आला, आणि अतिशय मायाळू आवाज म्हणाला, "राहू दे रे राजा. दमलास ना? चल, आपण माती मळू."

आवाज सरोजिनीबाईंचा होता.

"हे... तेव्हाचे कॅमेरे सुरक्षेसाठी बसवलेत, असं सांगितलं होतं आम्हाला."

"संमतिपत्रात सगळं लिहिलं होतं, बाई. तुमची सही आहे."

"बारीक अक्षरात लिहिलं असेल!"

"हो," चौगुले म्हणाले. "ती आमची चूक. पण चित्रण खोटं नाही. तुम्ही सरासरी अकरा सेकंद थांबत होता. वाटाड्या तेरा सेकंद थांबतो. आम्हाला अकरा जरा कमी वाटले."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. मग मघाशी आपटलेली मनगटपट्टी उचलून हातात घेतली.

"हे बदलता येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल. पण आकडा नुसता वाढवला, तर खरोखर घाबरलेलं पोरही तिथेच कुढत बसेल. कुणाजवळ किती थांबायचं, हे यंत्राला पुन्हा एखाद्या वर्गात बघूनच शिकावं लागेल. तुमची हरकत नसेल तर तुमच्याच."

दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाई वाचन कोपऱ्यात आफरीनशेजारी मांडी घालून बसल्या. 'झाकण' या शब्दापाशी पोरीचं बोट अडलं. थोड्या वेळानं माती कोपऱ्यातला दिवा लागला. आफरीन सवयीनं उठू लागली.

"बस," बाई म्हणाल्या.

"दिवा लागलाय, बाई."

"लागू दे."

आफरीन बसली. तिचं कपाळ आक्रसलं, खालचा ओठ थरथरला. बाईंना त्या दिव्याचा संताप आला, चौगुल्यांचा आला. आणि मग त्यांना दिसलं, की आपला हात आपोआप उठलाय आणि पोरीच्या डोक्याकडे निघालाय. 'राहू दे गं राणी' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्यांना त्या हाताची इतकी चीड आली, की तो त्यांनी मागे ओढला आणि मांडीखाली दाबून धरला.

"मला नाही येत!" आफरीन म्हणाली.

"माहीत आहे. बस."

"तुम्ही सांगा ना!"

 बाई शेजारी बसून राहिल्या, पण सांगितलं नाही. आफरीननं त्यांच्याकडे असं रागानं पाहिलं, जसं त्या वर्गात इतक्या वर्षांत कुठल्याच मुलानं पाहिलं नव्हतं. मग तिनं नाक पुसलं, पुस्तक जवळ ओढलं आणि बोट पुन्हा 'झा'वर रोवलं.