चौदा नंबर जागेवर आहे

"घरात बसून उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत, बार्ब्रो," टोर्केल म्हणाला. टोर्केल माझा मालक.

"हाकून दाखवते," मी म्हटलं.

स्वीडनमधल्या हर्नेसांडच्या बंदरामागे आमचं ऑफिस. घरोघरच्या भट्ट्यांना आम्ही लाकडाचं जळण पुरवतो. शरदात माझ्या नवऱ्याला, सिक्स्टेनला, झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. दिवसा घरी कोणी नसेल तर नगरपालिका त्याला वृद्धाश्रमात हलवणार होती. ते मी होऊ देणार नव्हते. जीव गेला तरी नाही.

शेवटी टोर्केलने आठवडाभराची परीक्षा लावली. ऑफिसच्या फोनचा एक आतला नंबर माझ्या मोबाईलवर घ्यायचा. एकही फोन चुकला तर दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत हजर. मोकळा नंबर एकच होता, चौदा. तो माझ्या सहकारी माय-लिसचा. खिडकीजवळच्या टेबलावर तिचा फोन अजून तसाच होता, धूळ खात.

स्वयंपाकघरात बसून मी ॲप उतरवलं, नंबर घातला, पासवर्ड घातला. पडद्यावर आलं: चौदा नंबर कॉफीला गेला आहे. परत आला का?

आमच्याकडे तीनच्या कॉफीला उठताना प्रत्येक जण फोनवर तशी नोंद करतो आणि आल्यावर आपली आपण पुसतो. दुसऱ्याची नोंद कोणी पुसत नाही, तो उद्धटपणा समजतात. माय-लिस अशीच नोंद करून उठली होती आणि कॉफीच्या टेबलावर तिने मान टाकली. तिची नोंद कोणी पुसली नव्हती.

मेलेल्या बाईची कॉफी किती दिवस चालणार? मी 'हो' दाबलं.

सोमवारी मोबाईल एकदाही वाजला नाही. बाहेर कडाक्याची थंडी, जळणाला मागणी, आणि एक फोन नाही! मी दहा वेळा आवाज वाढवून पाहिला. दुपारी टोर्केलचा फोन आला, माझ्या घरच्या नंबरावर.

"शाब्बास! गिऱ्हाइकं खूश आहेत. इतकं गोड बोलायला कधी शिकलीस?"

"मी कोणाशीच बोलले नाही."

"थट्टा पुरे. खिडकीजवळचा फोन सकाळपासून उचललेला आहे. ऑफिसात येतेस आणि भेटतही नाहीस? येता येतंय तर रोज ये."

माझं डोकंच फिरलं. मोबाईल चार्जिंगला लावून टेबलावरच ठेवला, सिक्स्टेनच्या मांडीवर गोधडी टाकली आणि गाडी काढली.

मंडळी आतल्या खोलीत कॉफीला बसली होती. चौदाच्या टेबलावर रिसीव्हर आडवा पडला होता. बटणांवर धूळ जशीच्या तशी होती. मी तो कानाला लावला. तो गरम होता.

"चौदा. बोल," एक बाई म्हणाली. हळू, गोड आवाजात.

"ही जागा माझी आहे," मी म्हटलं.

"बस ना मग," ती म्हणाली. "मी निघालेच."

मी वायर भिंतीतून उपटली. दारात टोर्केल उभा, हातात दालचिनीचा पाव.

"अगं, हे काय चाललंय?"

"मी घरूनच काम करणार. जमत नसेल तर आत्ताच काढून टाक."

तो माझ्याकडे बघत नव्हता. उपटलेल्या फोनचा हिरवा दिवा जळत होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत विझला.

"घरूनच कर," तो म्हणाला. "पाहिजे तितके दिवस कर."

जिंकले! वाटेत मी मोठमोठ्याने गात होते.

पायऱ्यांवरच कॉफीचा वास आला.

सिक्स्टेन टेबलाशी होता. समोर दोन भरलेले कप, वाफाळते. त्याच्या शेजारची माझी खुर्ची मागे ओढलेली.

मोबाईलच्या पडद्यावर होतं: चौदा नंबर जागेवर आहे.

"ऊठ," मी खुर्चीला म्हटलं. "नोकरी ने हवी तर. हा माझा नवरा आहे. ऊठ म्हणते ना!"

काहीच हललं नाही.

मी खुर्ची ओढली आणि बसले. बसायची जागा उबदार होती.

सिक्स्टेन हसला, आजारपणानंतर पहिल्यांदाच. डाव्या हाताने त्याने दुसरा कप उचलला आणि माझ्यासमोरून नेऊन पलीकडे, भिंतीकडच्या रिकाम्या जागेसमोर, जपून ठेवला.