खटक्यातली हळद

दसऱ्याच्या दुपारी जुळे सोलापुरातून ठाण्यात फोन आला. पुतण्याच्या हातून गोळी सुटली होती आणि काका जागीच गेले होते.

निरीक्षक दुर्गा बिराजदार पोचली तेव्हा निवृत्त सुभेदार कुंडलिक वाघमोडे बैठकीत पालथे पडलेले होते. पुतण्या हृषीकेश खुर्चीत डोळे टिपत बसला होता. रुमाल ओलाचिंब, डोळे मात्र कोरडे ठणठणीत. रुमाल नळाखाली भिजवून आणलाय हे दुर्गाला पहिल्या नजरेत कळलं.

"काय झालं?"

"काका कौतुकानं पिस्तूल दाखवत होते, मॅडम. सेफ्टीचा खटका अंगठ्यानं वर केला नि म्हणाले, आता बिनधास्त ओढ चाप. मी ओढला."

"माणसावर रोखून?"

"भरलेलं आहे हे मला कुठं ठाऊक? सेफ्टी लागलेली होती. आत्ताही बघा, खटका वरच आहे. त्या मौलालीला विचारा. गेल्याच आठवड्यात त्यानं दुरुस्त केलाय. दुरुस्ती कसली, गळा कापला आमचा!"

संध्याकाळी ठाण्यात शस्त्रागाराचा हवालदार मायाप्पा याने पंचांसमोर पिस्तुलाचा खटका काढला. बाहेरची पट्टी वापरून गुळगुळीत झालेली, आत जाणारा दात पार झिजलेला.

"मॅडम, ह्यो वर असू दे न्हाय तर खाली, गोळी सुटनारच की."

"दाताच्या मुळाशी पिवळं काय आहे?"

"हळद असंल. काल खंडेनवमी न्हवती का? आपल्या रायफलींना बी लावली की."

दुर्गाने मान हलवली. वरच्या साहेबांचा निरोप स्पष्ट होता: कारागिराच्या हलगर्जीपणाचा गुन्हा लावा, उद्या अटक दाखवा, परवाना रद्द करा. झटपट मिटेल. असल्या झटपट मिटवण्याची तिला मनापासून किळस होती.

विजापूर वेशीजवळ दुकान असलेला मौलाली शेख बाकावर आखडून बसला होता. साठी उलटलेला, तीन पिढ्यांचा परवानाधारक कारागीर.

"खटका बदलला होता का?"

"बदलला की साहेब. असल्या जुन्या पिस्तुलाचा तयार मिळत न्हाय. पोलादाचा घडवला, आठ दिवस कानस मारली. रंग बी काळा दिला."

"आणि जुना?"

"कागदात बांधून सुभेदारांच्या हातात दिला. आमच्या अब्बांची शिस्त हाय, काढलेला भाग मालकाला परत."

दुर्गाने त्याच्यासमोरच हृषीकेशला फोन लावला.

"जुना खटका? छे! त्यानं काही दिलंच नाही. बदललाच नाही तर देणार काय? बरं मॅडम, बॉडी उद्या किती वाजता मिळेल? संध्याकाळी माझ्या क्लासची बॅच आहे."

मौलालीने सगळं ऐकलं. आपले दोन्ही हात उलटेपालटे करून तो बघत राहिला.

"माझंच चुकलं असंल, साहेब," तो हळू आवाजात म्हणाला. "वय झालं. सुभेदार माझ्या हातानं गेले."

खरा माणूस स्वतःवरच संशय घेत बसतो आणि खोटा बॅचची वेळ जुळवत बसतो. दुर्गाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी ती मायाप्पाला घेऊन पुन्हा त्या घरी गेली. सुभेदारांकडे वीस वर्षं स्वयंपाक करणारी मुक्ताबाई चुलीपाशी सुन्न बसलेली होती.

"मुक्ताबाई, खंडेनवमीला पाटावर काय काय मांडलं होतं?"

"तलवार, पिस्तूल, माजी विळी, अन् त्यो जुना खटका."

"कुठला जुना?"

"मौलालीभाईनं परत दिलेला. मी म्हनलं, ह्ये मोडकं कशाला? तर सुभेदार भाऊ म्हनले, चाळीस वर्सं यानं मला राखलं, याला कसा टाकू? हळदीच्या वाटीत बुडवूनच काढला की त्यांनी. पिस्तुलाला नुसतं वरून बोट लावलं."

"पूजेला पिस्तूल भरलेलं असायचं?"

"कदीच न्हाय. गोळ्या कपाटात. किल्ली देवघरात, समद्या घराला ठावं."

"काल सुभेदार पुतण्याला काय म्हणाले, ऐकलंत?"

"भाऊंचा आवाजच आला न्हाय. नुसता बार ऐकला."

"त्या दोघांचं आधी काही वाजलं होतं?"

मुक्ताबाईने दाराकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. "नवमीच्या सांजंला वाजलं. ह्याच्या क्लासातली वैदेही हाय, बारावीची. ह्यो अंगचटीला जातो म्हनून तिनं भाऊंना चिठ्ठी लिवली व्हती. भाऊ म्हनले, उद्या सनाचं नगं, परवा मीच तुला ठान्यात नेनार. मी बोलले असते तर ह्यानं मला हाकलली असती, बाई."

काल रुमाल भिजवायला हृषीकेश नळाशी गेला होता हे आठवून दुर्गाने मायाप्पाला मोरीची जाळी उचकटायला लावली. त्याने नाक मुरडून शेवाळात, केसांच्या गुंत्यात हात घातला.

तासाभराने बैठकीत हृषीकेशसमोर तिने दोन खटके ठेवले. एक झिजलेला, दुसरा काळा कुळकुळीत, घाणीने माखलेला.

"पूजेची हळद बोटानं लावतात, ती बाहेर लागते," ती म्हणाली. "हा पिस्तुलातून निघाला आणि हळद याच्या दाताच्या मुळाशी आहे. पिस्तुलात बसवलेल्या खटक्याचा दात आतच असतो, तिथं बोट पोचत नाही. म्हणजे पूजेच्या वेळी हा पिस्तुलाबाहेर होता, पाटावर. पूजेनंतर कुणीतरी मौलालीचा खटका काढून हा बसवला."

"कुणीही बसवला असेल!"

"तुम्ही म्हणालात, जुना परत दिलाच नाही. मुक्ताबाईंनी तो पाटावर पाहिलाय. हे खोटं फक्त तुम्हाला हवं होतं, दोष मौलालीवर जावा म्हणून. खटका बदललात, कपाटातल्या गोळ्या भरल्यात, सुभेदारांना गोळी घातलीत आणि मग खटका वर करून ठेवलात. पट्टी पुसलीत, पण दाताच्या खाचेत लक्ष गेलं नाही. मोडका खटकाही कुणी हळदीत बुडवून पुजेल, हे तुमच्या डोक्यात आलंच नाही. नवा खटका मोरीत सोडलात, तो जाळीखाली अडकला. वैदेहीची चिठ्ठी सुभेदारांच्या फायलीत मिळाली."

हृषीकेशचा चेहरा घामाने चकाकला. मग तो चक्क हसला.

"एका पोरीच्या चिठ्ठीसाठी काका सगळ्या घराण्याचं नाव घालवायला निघाले होते. तुम्हीच सांगा, मॅडम, शोभतं का?"

दुर्गाने आजवर खुनी बरेच पाहिले होते. पण आपण किती घाण आहोत याचा पत्ताच नसलेला माणूस समोर बसला की वास सहन होत नाही. तिने त्याच्याकडे पुन्हा पाहिलंही नाही.

"मायाप्पा, बेड्या घाला. आणि वैदेहीच्या घरी महिला कॉन्स्टेबल पाठवा, तिचा जबाब आजच घ्यायचा."

ठाण्यात परतून ती आधी बाकापाशी गेली.

"मौलालीभाई, तुमचा खटका पक्का होता. तो पिस्तुलात असता तर सुभेदार आज जिवंत असते. घरी जा."

म्हातारा उठला नाही.

"म्हंजी... माझ्या हातानं न्हाय?"

"नाही."

त्याने डोळे पुसले आणि टोपी नीट केली. "सुभेदारांना कधी नेनार?"

"चार वाजता. घरचं म्हणावं असं कुणी उरलं नाही. मुक्ताबाई खांदेकरी शोधत फिरतीय. तिघं मिळालेत."

"मग मी येतो," मौलाली म्हणाला आणि उभा राहिला.