सोलच्या गल्लीतली ओळख

सोलच्या काचेच्या उंच इमारतींच्या मधोमध जपून ठेवलेली ती जुनी कोरियन वस्ती बघायला रिदा एकटीच गेली होती. चढणीची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना काळ्या कौलांची लाकडी घरं आणि वरून पावसाची भुरभुर... एका उंच तरुणानं इंग्रजीत विनवून तिच्या हाती फोन दिला. तिनं फोटो काढला. तो बघून तरुण पुटपुटला, "डोकंच कापलं बाईनं."

"डोकं होतं का? मला दिसलं नाही—" रिदा मराठीत म्हणाली.

तो आधी गडबडला, मग इतक्या मोठ्यानं हसला, की 'इथे लोक राहतात, हळू बोला' अशी पाटी धरलेल्या आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. उरलेली गल्ली दोघं कुजबुजतच चढली. तो दानियाल, मूळचा रत्नागिरीचा. नोकरी कतारमध्ये, रास लफानच्या गॅस प्रकल्पात, घर जवळच अल खोरला. आणि तीही कतारचीच, दोह्यात अल नस्रला राहणारी, दातांच्या दवाखान्यात कामाला.

परतल्यावर दर शुक्रवारी तो तिच्यासाठी गाडी हाकत दोह्याला यायचा. कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, दोघं वेलचीचा दाट करक चहा प्यायची. वाऱ्यानं तिची ओढणी उडाली की तो ती हलकेच सावरायचा, आणि बोटं उगीच रेंगाळायची... आपला तलाक झालाय, हे तिनं सुरुवातीलाच सांगून टाकलं. त्यानं तिच्या हातातला रिकामा कप काढून घेतला. मग म्हणाला, "मला तू हवीयेस. मागचं मी विचारलंय का?"

त्या एका वाक्यावर रिदा वर्षभर जगली.

मग त्याची अम्मी, ताहेरुन्निसाबाई, व्हिजिट व्हिसावर आली. दानियालनं रिदाला घरी जेवायला बोलावलं. कुठला ड्रेस घालायचा, यात तिचा आठवडा गेला. बाईंनी मायेनं जवळ बसवलं, सांदणं वाढली, आणि लग्न झालंय का गं तुझं, असं सहज विचारलं.

रिदा तोंड उघडणार, तोच दानियाल म्हणाला, "हो अम्मी. मिस्टर मुंबईला असतात तिचे. आमची आपली नुसती ओळख."

तिचा घास हातातच राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं— तो ग्लासात पाणी ओतत होता.

"नाही, खाला," ती शांतपणे म्हणाली. "माझा तलाक झालाय."

बाईंचा वाढता हात थबकला. पुढचं जेवण उन्हाळ्याच्या गप्पांत कसंबसं उरकलं.

जेवणानंतर तो तिला सोडायला निघाला. तिच्या बिल्डिंगखाली गाडी थांबवून म्हणाला, अम्मी जाईपर्यंत तरी कळ काढायचीस, मी हळूहळू सांगितलं असतं.

"काय सांगितलं असतंस? माझा नवरा मेला म्हणून?"

"रिदा, माझं प्रेम आहे तुझ्यावर..."

"माहितीये. म्हणूनच तर इतकं लागलं."

ती उतरली. त्याचे फोन येत राहिले, मग विरळ होत थांबले.

ईदनंतर दवाखान्यातल्या जाहिदानं सांगितलं, की दानियाल साखरपुडा करून आलाय. जाहिदाचं माहेर त्याच्याच गावचं. "माझी मुबारकबाद कळव," रिदा म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला दाराशी गेली. पण हातातल्या कार्डावरचं नाव तिला दोनदा वाचावं लागलं.